जिंजूचा तराजू

डिसेंबर 2024 मध्ये धाराशिव जिल्ह्यातील तीन शाळकरी मुली घरातून निघाल्या. पुण्यात जाऊन काम करायचे, पैसे साठवायचे आणि कोरियाला जाऊन 'बीटीएस' या गाणाऱ्या मुलांना भेटायचे, असा त्यांचा बेत होता. आपले अपहरण झाल्याचा बनावही त्यांनी रचला. पोलिसांनी वाटेतच त्यांना सुखरूप ताब्यात घेतले. वर्तमानपत्रांनी बातमी चवीने छापली आणि मोबाईलने मुले बिघडली असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे झाले.

मला त्या मुलींना हसता आले नाही. कारण त्याच वर्षी मे महिन्यात, वयाची साठी ओलांडल्यावर, मीही शिरपूर जैनहून कोरिया पाहायला जाऊन आलो होतो. सोबत माझा बालमित्र होता. त्याची मुलगी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पदार्थविज्ञानात पीएच.डी. करून आता तिकडे जिंजू नावाच्या शहरात संशोधन करते. कोल्हापूरहून अशी कितीतरी पोरे कोरियाच्या प्रयोगशाळांत गेली आहेत. मुलीने बापाचे तिकीट काढले. एकट्याने जाण्याची बापाची हिंमत होईना, म्हणून निवृत्तीच्या पैशातून मी माझे काढले. पंधरा दिवसांची सुटीच ती. पण जे पाहिले त्यातले एक प्रकरण चळवळीच्या वाचकांपुढे मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा मित्र जातीने खाटीक. शिरपुरात त्याचे मटणाचे दुकान आहे, आजोबापासूनचे. शिरपूर म्हणजे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे गाव. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा असल्याने देशभरातून जैन यात्रेकरू येतात. दोन पंथांच्या पूजेच्या वादात या मंदिराला 1981 पासून कुलूप होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये निघाले. अशा अहिंसेच्या गावात माझ्या मित्राच्या तीन पिढ्यांनी बोकड कापून पोट भरले आहे. पर्वाच्या दिवसांत दुकान बंद ठेवायचे, बाकीच्या दिवसांत पडदा लावून चालवायचे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 59 जाती आहेत, त्यात खाटीकही आहेत. मुलगी त्याच दाखल्यावर शिकली, शिष्यवृत्तीवर शिकली. पण बाप 14 एप्रिलच्या मिरवणुकीत कधी दिसला नाही. मी चाळीस वर्षे त्याला यावरून टोचत आलो. सवलत बाबासाहेबांची आणि नवस देवाला, हे माझे ठरलेले वाक्य. तो हसून सत्तूर चालवायचा.

आधी सोल पाहिले. राजवाड्यात कोरियाचा पारंपरिक पोशाख भाड्याने घालून गेले तर तिकीट लागत नाही. त्यामुळे जगभरच्या पोरी राजकन्या होऊन फिरत होत्या, त्यात आपल्या मराठी पोरीही होत्या. मालिकांत दिसतो तो हाच कोरिया. रेशमी वस्त्रे, घोड्याच्या केसांची विणलेली काळी टोपी घातलेले सरदार, लवून नमस्कार करणारे नोकर. मित्राने सगळे पाहून विचारले, "हे राजाचं झालं. बोकड कोन कापे मंग यायचं?" मुलगी हसली आणि म्हणाली, "बाबा, ते मी तुम्हाला जिंजूला दाखवते."

15 मे रोजी तिकडे बुद्धजयंती होती. आपली वैशाख पौर्णिमा त्या वर्षी 23 मे रोजी आली. तिकडे चांद्रमासाच्या आठव्या दिवशी साजरी करतात आणि 1975 पासून ती राष्ट्रीय सुटी आहे. जोग्येसा विहाराच्या आवारात कागदी कंदिलांचे अक्षरशः छत होते. मी तिथे बराच वेळ त्रिशरण म्हणत उभा राहिलो. एका वृद्ध गृहस्थाने कुठून आलात विचारले. भारत म्हणताच तो आनंदाने राणीची गोष्ट सांगू लागला. अयोध्येची राजकन्या समुद्रमार्गे येऊन कोरियाच्या राजाची राणी झाली, अशी कथा तेराव्या शतकातील एका ग्रंथात आहे. अयोध्येत 2001 साली तिचे स्मारकही झाले. दोन्ही देशांचे पुढारी भाषणात हीच गोष्ट सांगतात. आठव्या शतकात कोरियाचा ह्येछो नावाचा भिक्खू बुद्धभूमी पाहायला पायी भारतभर फिरला आणि त्याने प्रवासवर्णन लिहून ठेवले, त्याची हस्तलिखित प्रत 1908 मध्ये चीनच्या तुनहुआंग येथील लेण्यात सापडली, हे मात्र कोणी सांगत नाही. दंतकथेतली राणी चालते, इतिहासातला भिक्खू अडचणीचा वाटतो. याचे कारण आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ज्या राजवाड्यात आपण फोटो काढतो, त्या जोसन राजवटीने भिक्खूंनाही हीन दर्जात टाकले होते. राजधानीच्या वेशीच्या आत पाऊल टाकण्याची त्यांना बंदी होती, ती 1895 मध्ये उठली. हे ऐकून मला भिक्खूंविषयी आपलेपणा वाटला. बुद्धाचा माणूस तिकडेही गावकुसाबाहेर! हा आपलेपणा दोन दिवस टिकला.

जिंजू हे दक्षिणेचे शहर, सोलहून रेल्वेने साडेतीन तास. मधून नाम नदी वाहते, काठावर जुना किल्ला. इथला खास पदार्थ म्हणजे भातावर भाज्या आणि कच्च्या गोमांसाचे बारीक काप. मुलीने आमच्यासाठी ते वगळून मागवले. मित्र शेजारच्या टेबलावरचे काप धंदेवाल्याच्या नजरेने पाहत राहिला. "सुरी चांगली हाये यायची," एवढेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुलीने आम्हाला नदीकाठाजवळच्या एका स्मारकापाशी नेले. 1996 मध्ये नागरिकांनी वर्गणी काढून ते उभारले आहे. आजूबाजूला गर्दी नव्हती. फोटो काढणारे तर कोणीच नव्हते. मुलगी म्हणाली, "काका, हे खाटकांच्या चळवळीचं स्मारक आहे." मला वाटले, ऐकण्यात चूक झाली.

वाचकहो, कोरियातही अस्पृश्य होते. त्यांना बेकजोंग म्हणत. गुरे कापणे, कातडे कमावणे, टोपल्या विणणे हे त्यांचे धंदे. राहायचे गावाबाहेर वेगळ्या वस्तीत. सरदारांची ती काळी टोपी घालायची नाही, बांबूची ओबडधोबड टोपी घालायची, म्हणजे लांबूनच ओळख पटावी. रेशीम वापरायचे नाही, घरावर कौले घालायची नाहीत. दुसऱ्याच्या लहान पोराशीही आदराच्या भाषेत बोलायचे आणि त्या पोराने यांना अरेतुरे करायचे. आपल्या बापजाद्यांचा जोहार आठवावा. मेल्यावरही दफनाची जागा वेगळी. 1894 मध्ये कायद्याने हा भेद रद्द झाला, पण कायदा कागदावर राहिला. सरकारी कुटुंब नोंदवहीत त्यांच्या नावापुढे धंद्याची खूण येत राहिली. पोराला शाळेत घालायचे तर तो दाखला पुढे करावा लागे, आणि दाखला पाहिला की शाळेचे दार बंद. 1909 मध्ये याच जिंजूच्या चर्चमध्ये ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याने बेकजोंगांना सर्वांसोबत प्रार्थनेला बसवले, तर इतर ख्रिस्ती मंडळी उठून निघून गेली. देव एक, बाक वेगळे.

एप्रिल 1923 मध्ये या जिंजूत बेकजोंगांनी ह्योंगप्योंगसा नावाची संघटना काढली. त्या नावातच तराजू आहे. ह्योंग म्हणजे तराजूची दांडी आणि प्योंग म्हणजे समतोल. खाटकाच्या हातातला तराजू त्यांनी समतेची निशाणी केला. ज्या वस्तूवरून जग आपल्याला हिणवते तीच वस्तू झेंड्यावर घ्यायची, ही हिंमत साधी नव्हे. शेजारच्या जपानमध्ये तिथल्या अस्पृश्यांनी आदल्या वर्षी, 1922 मध्ये, सुईहेईशा स्थापन केली होती. आपल्याकडे 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा आणि 1927 मध्ये महाडचा सत्याग्रह. पाच वर्षांच्या आत आशियाच्या तीन टोकांना तळाचा माणूस उठला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हे का नाही, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला, कारण मी तीस वर्षे शाळेत शिकवले.

संघटनेत जांग जी-पिल हा जपानमध्ये शिकून आलेला बेकजोंग तरुण होता. आणि कांग सांग-हो हा उच्चकुलीन यांगबान होता, त्याने आपली इभ्रत पणाला लावली. त्याच्या जातीच्या लोकांनी त्याला 'नवा बेकजोंग' म्हणून हिणवले. संघटना निघताच जिंजूच्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, गोमांस विकत घेण्यावर बहिष्कार टाकला. 1925 मध्ये येछोन गावी संघटनेच्या लोकांवर जमावाने हल्ले केले. मोर्चे काढणारे जमीनदार नव्हते, तेही गरीबच होते. हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. महाडच्या तळ्यावर काठ्या घेऊन आलेले सगळे काय गर्भश्रीमंत होते? पुढे संघटनेत जिंजूचा गट आणि सोलचा गट असे तट पडले. (गटबाजीच्या बाबतीत कोरिया आपल्याला परका वाटला नाही.) 1935 मध्ये तिने नाव बदलले आणि तेज गमावले.

मुलगी हे सांगत होती आणि मित्र गप्प उभा होता. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. पाक सोंग-छुन नावाचा सोलचा खाटीक. आजारपणात त्याच्यावर राजाच्या मिशनरी डॉक्टरने घरी येऊन उपचार केले, आणि या माणसाने 1898 मध्ये हजारोंच्या जाहीर सभेत भाषण केले. त्याचा मुलगा पाक सो-यांग 1908 मध्ये कोरियाच्या पहिल्या सात पदवीधर डॉक्टरांपैकी एक झाला. खाटकाचा मुलगा डॉक्टर. मित्राने आपल्या मुलीकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

परतताना आम्ही हाएइन्सा या डोंगरातल्या प्राचीन विहारात गेलो. तेराव्या शतकात कोरलेल्या 81,258 लाकडी फळ्यांवर संपूर्ण त्रिपिटक तिथे जपून ठेवले आहे. सातशेहून अधिक वर्षे झाली तरी फळ्या शाबूत. मी भारावलो होतो. मित्राने मुलीला विचारले, "हे भंते लोक मटन खात नाहीत ना?" नाही खात. "मंग खाटकाले वाईट म्हनाले यायनंच सुरुवात केली असंन."

मला राग आला. पण मुलीने सांगितले की बाबा अगदीच चुकीचे नाहीत. जोसनच्या आधीच्या गोर्यो राजवटीत बौद्ध धम्म राजधर्म होता, प्राणिहत्या निषिद्ध मानली जाई, आणि गुरे कापणाऱ्यांविषयीच्या घृणेचे एक मूळ तिथे आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे कन्फ्यूशियसवादी राजवटीने ही घृणा पक्की केली.

हे आपल्या पानावर लिहिताना माझा हात जड होतो, तरी लिहिलेच पाहिजे. बाबासाहेबांनी 1948 मध्ये 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले की आपले पूर्वज पराभूत टोळ्यांतील विखुरलेली माणसे होती, त्यांनी बुद्धधम्म आणि गोमांस सोडले नाही म्हणून ती अस्पृश्य ठरवली गेली. इथे बौद्ध असणे हा गुन्हा ठरला. तिथे मात्र बौद्ध राजवटीत खाटीक बाहेर ठेवला गेला. म्हणजे धम्माचे नाव घेतले की समता आपोआप येते असे नाही. बुद्धाने उपालीला, सुनीताला संघात घेतले ते त्यांचा धंदा विचारून नव्हे. पण राजा आणि मठ एकत्र आले की शीलाचेही सोवळे होऊ शकते. बाबासाहेबांनी 1956 मध्ये बावीस प्रतिज्ञा देऊन जो धम्म दिला तो हा मठाचा धम्म नाही. पण तो तसा होऊ द्यायचा नाही, हे काम आपले आहे. आज आपल्याच काही विहारांत, मटण खाणारा तो कच्चा बौद्ध, असे हळूच बोलले जाते. मी ते स्वतः ऐकले आहे आणि गप्प बसलो आहे.

परतीच्या रेल्वेत आमचे भांडण झाले, तेच या लेखाचे खरे कारण.

मी विचारले होते, आज बेकजोंगांची लोकसंख्या किती? मुलगी म्हणाली, कोणी नाही. म्हणजे? म्हणजे कोणीच स्वतःला तसे म्हणवत नाही. 1945 नंतर जमीनदारी मोडली, 1950 ते 1953 च्या युद्धात माणसे इकडून तिकडे फेकली गेली, गावेच्या गावे उठली, शहरे वाढली. नव्या गावात नवा माणूस, त्याचा आजोबा कोण हे विचारणारा कोणी उरला नाही. बेकजोंग हा शब्द राहिला तो क्रूर माणसाला द्यायच्या शिवीत, आणि गंमत म्हणजे मांस भाजून देणाऱ्या हॉटेलांच्या पाट्यांवर. स्मारकाजवळ उभे राहून 'माझा आजोबा यात होता' असे म्हणणारे फारसे भेटत नाहीत.

मित्र म्हणाला, "मले तं त्याईचंच बरं वाटलं बुवा. विसरून गेले. कोनी इचारत नाही, कोनी सांगत नाही. आपल्यासारखं पिढ्यान् पिढ्या वझं नाही."

मी म्हणालो, हे विसरणे नव्हे, लपवणे आहे. लपवणाऱ्याला रोज भीती असते. आपण लपलो नाही. आपण नाव बदलले ते उघडपणे, लाखोंच्या साक्षीने, दीक्षाभूमीवर. आपल्या पोराला आजोबा कोण होता हे माहीत आहे आणि त्याची लाज नाही. हे बाबासाहेबांचे देणे आहे. आणि तिकडे जात गेली कारण मोठ्या युद्धाने समाज उलटापालटा झाला, जमीन वाटली गेली, वंशावळीची कागदे जळाली. आपल्याकडे जात कागदात नाही, लग्नात आहे. ती विसरून जात नाही.

"तुमचं बरं हाये," तो म्हणाला. "तुम्ही लाखानं होते. आम्ही गावात दोन घरं. दोन घरानं कोनता झेंडा धरावा?"

मी नेहमीचे वाक्य काढले. सवलत घेता, जयंतीला येत नाही. तेव्हा त्याने चाळीस वर्षांत प्रथमच उत्तर दिले. "बोलावलं कोनं?"

वर्गणीची पावती घेऊन आमची पोरे त्याच्या दुकानावर जात, हे खरे. जयंती समितीत त्याला किंवा गावातल्या चांभाराला, मांगाला, ढोराला कधी घेतले का? माझ्या आठवणीत नाही. आणि एक गोष्ट मलाही बोलायची होती. लहानपणी त्याच्या घरी पाणी मागितले तर त्याची आजी मला ओंजळीत वरून पाणी ओतायची. आपल्यापेक्षा महार खाली, असा हिशेब खाटकाच्या घरातही होता. ते मी कधी विसरलो नव्हतो, आणि त्याच्यावरचा माझा सगळा टोमणा त्या ओंजळीतून येत होता, हे मला त्या रेल्वेत उमजले. मी ते त्याला सांगितले. तो म्हणाला, "मले मालूम हाये. म्या पाह्यलं होतं." त्यानंतर सोल येईपर्यंत आम्ही बोललो नाही. मुलीने दोघांच्या हातात भाताच्या गुंडाळ्या दिल्या, त्या खाल्ल्या.

गावी आल्यावर जयंती समितीच्या बैठकीत मी विषय मांडला. पुढच्या समितीत 59 जातींपैकी शिरपुरात जेवढ्या आहेत त्यांचा प्रत्येकी एक माणूस घ्यावा. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, ते हिंदू आहेत, उद्या विहारात नारळ फोडतील. एक तरुण म्हणाला, महाडला आपल्यासोबत कोण कोण होते ते आधी वाचा. बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. तीही झाली, त्यात फक्त मंडपाचा दर ठरला. विषय पत्रिकेवर अजून आहे. मी तो काढू देणार नाही.

मुलीच्या लग्नाचे पाहणे सुरू आहे. मित्राने माहितीपत्रक माझ्याकडून लिहून घेतले, अक्षर चांगले म्हणून. आधीच्या कागदावर वडिलांच्या धंद्यापुढे 'व्यापार' असे होते. मी विचारले, काय लिहू? तो बराच वेळ इलेक्ट्रॉनिक काट्याची तबकडी पुसत राहिला. "पोरीले फोन करून इचार," म्हणाला. मी विचारले. ती म्हणाली, "काका, खाटीक लिहा. ज्याला चालत नाही तो येणार नाही." मी तसे लिहिले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला, घडी घातली आणि गल्ल्यात टाकला. अजून कोणाला दिला की नाही, मी विचारलेले नाही.